तीन दिवस, सत्तावीस अंश

आमच्या प्रयोगशाळेत शोध लागत नाहीत, आणि लागत नाहीत याची कोणाला खंतही नाही. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात, जुन्या कारखान्यांच्या शेड आणि काचेच्या नव्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत अशा भागात आमच्या कंपनीचा संशोधन विभाग आहे. गृहसंकुलांच्या तळघरात बसतील असे सांडपाणी शुद्धीकरणाचे छोटे संच, म्हणजे सगळे ज्याला एसटीपी म्हणतात ते, कमी विजेत आणि कमी जागेत कसे चालवता येतील हे आम्ही पाहतो. रसायनशास्त्राची बाजू माझ्याकडे असते. मिरजेचे माझे काका दर गणपतीला न चुकता विचारतात, ‘‘मग, यंदा काय शोधलंस?’’ एका वर्षी मी खरे उत्तर दिले. म्हटले, ‘‘के काढला.’’

‘‘कसला के?’’

‘‘घाण खाणारे जिवाणू ती किती वेगानं खातात, त्याचा आकडा.’’

‘‘तो आधी माहीत नव्हता?’’

‘‘होता. पण आमच्या पाण्याचा नव्हता.’’

काकांनी मोदक उचलला आणि विषय पावसावर नेला.

त्यांची निराशा मला कळते. शाळेच्या पुस्तकात विज्ञान भेटते ते न्यूटन, डार्विन, रामन अशा नावांनी. जगभरच्या प्रयोगशाळांतले बहुतेक लोक मात्र आयुष्यभर दुसऱ्या कोणी आखून दिलेल्या चौकटीत बसून एखादा स्थिरांक आणखी एका दशांश स्थळापर्यंत नेत असतात, किंवा तिकडे खरे ठरलेले इकडेही ठरते का हे पाहत असतात. मीही त्यांतलीच.

आमची चौकट तशी साधी आहे. पाण्यात सेंद्रिय घाण असली की जिवाणू ती खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. घाण जितकी जास्त, तितका ऑक्सिजन जास्त खर्च होणार. म्हणून पाण्याचा नमुना बाटलीत हवाबंद करून ठरावीक तापमानाला ठरावीक दिवस अंधारात ठेवायचा आणि किती ऑक्सिजन संपला ते मोजायचे. हा बीओडी. १८९८ साली इंग्लंडात सांडपाण्यासाठी एक शाही आयोग नेमला गेला होता. त्याचा आठवा अहवाल १९१२ साली आला आणि त्याने ही चाचणी आणि तिची मर्यादा रूढ केली. बाटली पाच दिवस ठेवायची असे ठरले. पाचच का, तर ब्रिटनमधल्या कुठल्याही नदीचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते, असे कारण सांगितले जाते. पुढे १९२५ साली अमेरिकेत ओहायो नदीवर काम करताना स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी त्याला गणित दिले : उरलेल्या घाणीच्या प्रमाणात ऑक्सिजन खर्च होण्याचा वेग कमी कमी होत जातो, आणि त्या वेगाचा एक स्थिरांक असतो. तोच काकांना सांगितलेला के.

आपल्याकडे नद्या इंग्लंडसारख्या आखूड नाहीत आणि पाणीही थंड नाही. तरीही आपण चौकट टाकून दिली नाही, तिच्यातच हिशेब केला. भारतीय मानकाप्रमाणे बीओडी तीन दिवस आणि २७ अंश सेल्सिअसला करतात. नेहमीचा के, २० अंशांना दिवसाला ०.२३, धरून गणित मांडले तर पाच दिवसांत एकूण मागणीपैकी सुमारे ६८ टक्के ऑक्सिजन खर्च होतो. २७ अंशांना जिवाणू तेज होतात, तापमानाची दुरुस्ती लावली की के वाढतो, आणि तीन दिवसांत सुमारे ६१ टक्के होतो. म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांच्या आसपास येतात आणि प्रयोगशाळेचे दोन दिवस वाचतात. हे बदल करणाऱ्यांची नावे कुठल्या पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत नाहीत. पण देशातल्या सांडपाण्याच्या बहुतेक अहवालांवर त्यांचा हिशेब बसलेला आहे.

या हिशेबाने आमचा आठवडासुद्धा ठरवून टाकला आहे. गुरुवारी आम्ही बीओडी लावत नाही. गुरुवारी लावलेली बाटली रविवारी उघडावी लागते, आणि रविवारी येणार कोण? शुक्रवारचा नमुना सोमवारी सकाळी वाचायचा. इन्क्युबेटर रात्रंदिवस २७ अंशांवर राहिला पाहिजे, म्हणून त्याला वेगळी बॅटरी. सप्टेंबर २०२२ च्या पावसात महादेवपुरा आणि आसपासचा भाग तुंबला, आयटीतली माणसे ट्रॅक्टरमध्ये उभी राहून ऑफिसला जातानाची छायाचित्रे देशभर झळकली. तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना पहिली काळजी होती ती इन्क्युबेटरच्या विजेची. बाहेरच्यांना यात वेडेपणा दिसेल. तीन दिवसांची बाटली अडीच दिवसांत उघडली तर तिचा आकडा कुणाच्याही आकड्याशी जुळवता येत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला तो दिसणार नाही.

या गावात हे काम इतके का वाढले, तेही सांगायला हवे. महादेवपुरा २००७ पर्यंत वेगळी नगरपालिका होती, मग ती बृहद् बंगळूर महानगरपालिकेत घेतली. ऑफिसे आणि गृहसंकुले आधी आली, पाण्याची आणि मैल्याची वाहिनी मागून. बोअरवेल आणि टँकर यांवर भागवायचे, आणि वापरलेले पाणी स्वतःच शुद्ध करून फ्लशला आणि बागेला घालायचे, अशी इथल्या मोठ्या संकुलांची रीत पडली. मार्च २०२४ मध्ये बोअर आटले तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लागत होता. कावेरीच्या पाचव्या टप्प्याचे पाणी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले, तेव्हा कुठे या पट्ट्यातल्या गावांना नळ येण्याची वाट मोकळी झाली. पर्पल लाइनच्या मेट्रोतून सिंगय्यनपाळ्याच्या आसपास खाली पाहिले की अजूनही काचेच्या इमारतींच्या रांगेत टँकरची रांग दिसते. अशा ठिकाणी एसटीपीतून निघणाऱ्या पाण्याचा बीओडी लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आत आहे की वीस, याला पैशाचे आणि आरोग्याचे मोल आहे. महानगरांसाठी दहाची मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ च्या आदेशात घातली.

चौकट माणसाच्या अंगात कशी मुरते, ते मी कॉलेजात पाहिले. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन करताना तीन वाचने घ्यायची आणि त्यांतली दोन जुळली की तो सीबीआर. महाराष्ट्रात केमिस्ट्री केलेल्या प्रत्येकाला ही तीन अक्षरे ठाऊक असतात. आमच्या वर्गात पहिले वाचन ब्युरेटवरून यायचे, दुसरे थोडेसे ब्युरेटवरून आणि थोडेसे शेजाऱ्याच्या वहीवरून, आणि तिसरे बहुधा वहीवरूनच. उत्तर काय यायला हवे हे सगळ्यांना आधीच ठाऊक असे. वर्षानुवर्षे तेच द्रावण, तेच बलांक. तेव्हा मला हा सगळा देखावा वाटायचा. आता वाटते, त्यात एक गोष्ट हातात बसत होती : रंग नेमका कोणत्या थेंबाला जातो ते. विंकलरच्या पद्धतीने ऑक्सिजन मोजताना शेवटी स्टार्च घातलेले निळे द्रावण थायोसल्फेटच्या एका थेंबात रंगहीन होते. विंकलर हा हंगेरियन रसायनतज्ज्ञ, त्याने ही पद्धत १८८८ साली दिली. आता आमच्याकडे ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रॉनिक प्रोब आहे, तो पाच मिनिटांत आकडा देतो. तरी महिन्यातून एकदा आम्ही प्रोबची परीक्षा विंकलरकडूनच घेतो.

थॉमस कुन याने हेच सांगितले होते, हे मला फार उशिरा कळले. तो मूळचा भौतिकशास्त्रज्ञ, पुढे इतिहासाकडे वळलेला. वैज्ञानिक क्रांत्यांवरचे त्याचे पुस्तक १९६२ साली आले. लोक त्यातली क्रांती लक्षात ठेवतात. चौकट मोडणे, नव्या चौकटीत उडी घेणे, वगैरे. व्यवस्थापनाच्या भाषणांत तर पॅराडाइम हा चौकटीसाठीचा त्याचा शब्द आता बिस्किटाच्या नव्या पुड्यालाही लावतात. पण पुस्तकाचा सुरुवातीचा बराच भाग क्रांतीवर नाहीच, तो माझ्यासारख्यांवर आहे. रोजचा शास्त्रज्ञ सिद्धान्त तपासत नाही, सिद्धान्त धरून कोडी सोडवतो, असे त्याचे म्हणणे. कोड्याला उत्तर आहे याची खात्री असते, म्हणूनच ते कोडे. ते सुटले नाही तर लोक सिद्धान्ताला दोष देत नाहीत, सोडवणाऱ्याला देतात. आणि विद्यार्थी चौकट शिकतो ती नियम पाठ करून नाही, सोडवलेली उदाहरणे पुन्हा पुन्हा सोडवून. सीबीआर काढून, म्हणा ना.

कार्ल पॉपरला हे वर्णन आवडले नाही. असा शास्त्रज्ञ त्याला धोकादायक वाटला, वाईट शिकवलेला वाटला. शंका न घेणारा माणूस कसला वैज्ञानिक, हा त्याचा मुद्दा. कागदावर पॉपरचे पटते. बाकावर उभे राहिले की कुनचे.

बाकावरची गोष्ट अशी, प्रोब यायच्या आधीची. आमच्या एका प्रायोगिक संचातून फार चांगले पाणी निघत होते. नितळ, वास नाही. सीओडी, म्हणजे जिवाणूंऐवजी तीव्र रसायनाने घाण जाळून मोजलेला आकडा, लिटरला ३५ मिलिग्रॅम आला. असे असेल तर बीओडी सहा-सात, फार तर दहा यायला हवा, कारण शुद्ध झालेल्या पाण्यात जिवाणूंना खाण्यासारखे थोडेच उरते. आला १९. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेवढाच. संच जितका चांगला चालवावा, बीओडी तितका बिघडत होता. आमच्याकडे बेळगावचा एक मुलगा आहे, एम.एस्सी. करून थेट आलेला. तो म्हणाला, ‘‘मॅडम, कायच जुळेना झालंय. आपलं मॉडेलच या पाण्याला लागू नसंल.’’

आमचे विभागप्रमुख कडप्पाचे. त्यांनी हिंदीत एवढेच विचारले, ‘‘थायोसल्फेट कब बनाया था?’’

या प्रश्नात मला अख्खा कुन दिसतो. शंभर वर्षांचे गणित एकीकडे आणि कालचा थायोसल्फेट एकीकडे. आधी संशय कोणावर घ्यायचा हे ठरलेले आहे. आम्ही द्रावण नव्याने केले, त्याचे बलांक डायक्रोमेटने काढले. ठीक निघाले. मग विरळ करायच्या पाण्याची पाळी. त्यात काही घाण असेल तर तेही ऑक्सिजन खाते. नुसत्या त्या पाण्याच्या बाटलीत ऑक्सिजन जवळजवळ हलला नव्हता. मग ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्ल यांचे ठरलेले मिश्रण लावले. त्याचा बीओडी किती यावा हे सगळ्या जगाला माहीत आहे, आणि तो ठरलेल्या पट्ट्यात आला. म्हणजे पद्धत, हात, इन्क्युबेटर सगळे निर्दोष. नायट्राइटमुळे टायट्रेशन बिघडते, पण त्यासाठीचे अझाइड आम्ही घालतच होतो. एकेक संशयित सुटत गेला. बेळगावच्या मुलाच्या चेहऱ्यावर आशा दिसू लागली.

उत्तर शेवटी चौकटीतच होते, तिच्या थोड्या कमी वापरल्या जाणाऱ्या कोपऱ्यात. संच चांगला चालला की त्यात घाण खाणाऱ्या जिवाणूंबरोबर अमोनियावर जगणारे जिवाणूही पोसले जातात. ते सावकाश वाढतात, म्हणून कच्च्या सांडपाण्याच्या बाटलीत पहिल्या काही दिवसांत त्यांचा उपद्रव जाणवत नाही. पण आमच्या शुद्ध पाण्यात ते आधीपासूनच भरपूर होते, आणि २७ अंशांची ऊब त्यांना मानवते. ते बाटलीत उरलेल्या अमोनियाचे नायट्रेट करत बसले होते. अमोनियातला एक मिलिग्रॅम नायट्रोजन असा बदलायला सुमारे ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. आमच्या पाण्यात तीन मिलिग्रॅमच्या आसपास असा नायट्रोजन होता. तीन गुणिले साडेचार, तेरा-चौदा. एकोणिसातून ते वजा करा. सीओडीच्या चाचणीत अमोनिया जळत नाही, म्हणून तिथे तो दिसला नव्हता. अशा वेळी अ‍ॅलिलथायोयुरिया नावाचे रोधक बाटलीत घालतात, त्याने अमोनियावरचे जिवाणू थांबतात आणि बाकीचे चालू राहतात. ते घालून लावले. तीन दिवसांनी आकडा सहाच्या खाली.

हे सगळे पुस्तकात लिहिलेले आहे. आम्ही ते फक्त आमच्या पाण्यात पुन्हा पाहिले, आणि संचात हवा किती वेळ सोडावी याचा एक तक्ता त्यावरून बदलला. शोधनिबंध झाला नाही. तरी त्या सोमवारी बाटल्या वाचल्यावर विभागातल्या सगळ्यांना जो आनंद झाला तो काकांना समजावून सांगणे मला जमलेले नाही.

त्या मुलाचे चुकले असेही मी म्हणणार नाही. मॉडेल चुकत असेल हे कोणीतरी म्हणायला हवेच. फक्त ते सगळ्यात शेवटी म्हणायचे असते, आणि तिथवर पोचायला आधीचे सगळे निमूटपणे करावे लागते. लॉर्ड रॅले याने १८९० च्या दशकात नायट्रोजनचे वजन करायला घेतले तेव्हा त्याला कसलीही क्रांती करायची नव्हती. नायट्रोजनची घनता नीट ठरवायची होती, बस. हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला १.२५७ ग्रॅम भरला, रसायनांतून बनवलेला १.२५१. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कोणी हात झटकून सरासरी काढली असती. रॅलेला आपल्या तराजूवर एवढा विश्वास होता की फरक त्याला सोडवेना. आधी त्याने अशुद्धी शोधली, गळती शोधली, म्हणजे आमच्या सरांच्या भाषेत थायोसल्फेट तपासला. १८९४ साली रॅमसे आणि त्याने मिळून जाहीर केले की हवेत एक अज्ञात वायू आहे. तो आर्गॉन, हवेचा जवळजवळ एक टक्का. त्याच्या शंभरावर वर्षे आधी, १७८५ साली कॅव्हेंडिशलाही हवेतल्या सगळ्या नायट्रोजनची क्रिया करून झाल्यावर एक न विरघळणारा छोटा बुडबुडा उरला होता. त्याने तो प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला होता.

पण इथवर सांगून थांबले तर चौकटीची फार स्तुती केल्यासारखे होईल. चौकट आतूनच सडकी असू शकते, आणि मोजणाऱ्याला ती पगारासकट मिळते. या बाबतीत मला आपल्या इरावती कर्वे आठवतात. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या म्हणून त्यांना घराघरांत ओळखतात, पण त्यांनी डॉक्टरेट केली ती कवट्या मोजून. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. तिथे मानववंशशास्त्र आणि सुप्रजनन यांसाठी कैसर विल्हेल्म संस्था नुकतीच उघडली होती आणि ऑयगेन फिशर तिचा प्रमुख होता. युरोपीय लोकांच्या कवटीच्या दोन बाजूंत जास्त फरक असतो, आणि त्या फरकाचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीशी आहे, असे त्याचे गृहीत होते. इरावतीबाईंना काम दिले ते नेहमीचे : कवट्या घ्या, मोजा. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. काही जर्मनीतल्या, काही आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या. आकडे गृहीताच्या बाजूने बोलले नाहीत. वंश आणि कवटीची असममिती यांचा संबंध दिसत नाही, असे त्यांनी प्रबंधात लिहिले. आणि ते त्याच संस्थेत, त्याच मार्गदर्शकाच्या हाताखाली.

मला इथे दोन गोष्टी दिसतात आणि त्या मी एकमेकींत मिसळू देत नाही. पहिली, इरावतीबाईंनी फिशरशी वाद घालून त्याला हरवले नाही. त्याच्याच साधनांनी, त्याच्याच पद्धतीने, तोच कंटाळवाणा उद्योग नीट केला. तिथे मोजमाप ढिले असते तर फिशरच्या सोयीचा आकडा सहज निघाला असता. सोयीचा आकडा कसा निघतो हे सीबीआर काढलेल्यांना सांगायला नको. दुसरी गोष्ट अवघड आहे. वंशाची ती श्रेष्ठ-कनिष्ठ उतरंड त्यांना मान्य झाली नाही, पण माणसांची मापे घेऊन समाजाचा इतिहास कळतो ही चौकट त्यांनी सोडली नाही. परत आल्यावर डेक्कन कॉलेजात असताना महाराष्ट्रातल्या जातीजमातींची मोजमापे त्या पुढेही घेत राहिल्या. एक भिंत पडली तरी घर तेच राहिले. त्यांना दोष देणे सोपे आहे. माझ्या बाटलीच्या बाबतीत असे काय आहे जे मी उद्याच्या लोकांसाठी मागे ठेवते आहे, हा प्रश्न मला जास्त टोचतो.

त्याचे एक उत्तर आमच्या दारातच आहे. बेळ्ळंदूर आणि वर्तूर ही तळी इथून फार लांब नाहीत, शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यांत गेले. वर्तूरचा फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर यायचा, दुचाकीवाले त्यातून वाट काढत जायचे. बेळ्ळंदूरच्या पाण्यावर २०१५ मध्ये, २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये आग लागली. फेस धरतो तो साबण-डिटर्जंटमुळे. ही रसायने गाळात बसतात आणि पावसात पाणी ढवळले की उसळून वर येतात. बीओडीच्या चौकटीत या फेसाला जागा नाही. १९१२ च्या त्या आयोगापुढे नदी मरते ती ऑक्सिजन संपून, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाचे त्यांनी उत्तम उत्तर दिले. घरोघरी कृत्रिम डिटर्जंट आले ते नंतर. मग काय झाले? चौकट मोडली नाही, अहवालात एक रकाना वाढला. डिटर्जंट मोजायला मिथिलीन ब्लूची वेगळी चाचणी आहे, ती मागितली तर करतात. औषधांचे अंश, प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू, यांचे रकाने बहुतेक एसटीपींच्या अहवालात अजून नाहीत.

२०१८ पासून बंगळूरच्या कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातले प्रक्रिया केलेले सांडपाणी पंपाने कोलारच्या तळ्यांत नेऊन सोडतात, भूजल वाढावे म्हणून. दिवसाला ४४ कोटी लिटरची योजना आहे. कोलारसारख्या कोरड्या जिल्ह्यात पाणी म्हणजे काय हे सांगली-जतच्या लोकांना सांगायला नको. तरी तिथल्या शेतकऱ्यांनी प्रश्न विचारले आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्यांचा प्रश्न होता, हे पाणी आमच्या विहिरीत उतरल्यावर आम्ही प्यावे का. आमच्या चाचणीचे उत्तर असते, या पाण्यात ऑक्सिजनची मागणी एवढी आहे. दोन्ही बाजू खरे बोलत होत्या आणि एकमेकांशी बोलत नव्हत्या. कुनने ज्याला मोठे संकट म्हटले असते तसे हे नाही. सिद्धान्त कुठेही खोटा पडलेला नाही. फक्त आम्ही जे मोजतो त्यापेक्षा लोकांना भीती वेगळ्याची आहे.

चौकटीबाहेर उभे राहण्याचा विषय निघाला की काका कधी कधी जयंत नारळीकरांचे नाव काढतात. ‘‘कोल्हापूरचा माणूस, सगळं जग महास्फोट म्हणत असताना ठाम उभा राहिला.’’ ते खरेच आहे. फ्रेड हॉइलबरोबर आणि पुढे स्वतंत्रपणेही नारळीकरांनी प्रस्थापित विश्वशास्त्राबाहेर राहून काम केले, २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तोवर. पण त्यांनी नेमके काय केले ते पाहिले तर काकांची गोष्ट थोडी बदलते. १९९३ साली हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी जो पर्याय मांडला त्यात आकाशात सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी कशा आल्या, याचा हिशेब लोखंडाच्या बारीक सुयांपर्यंत जाऊन केलेला आहे. विरोधकांचे कोडे त्यांनी टाळले नाही, तेच घेऊन बसले. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना तो हिशेब पटला नाही, हा भाग वेगळा. बाहेर उभे राहणाऱ्यालाही आतल्यांचीच मोजमापे नीट करावी लागतात. चौकटीला नुसते नाही म्हणणारे मला रोज फॉरवर्ड केलेल्या संदेशांत भेटतात. त्यांच्याकडे कुठलाच आकडा नसतो.

आमच्याकडे शोधनिबंधांसाठी पैसा मिळतो, नव्या उपकरणासाठी मिळतो. जुनी चाचणी पुन्हा करून पाहण्यासाठी, ग्लुकोज-ग्लुटामिकची बाटली दर आठवड्याला लावण्यासाठी, कोणी वेगळा पैसा देत नाही. ती वेळ काढून करावी लागते, आणि अंदाजपत्रक कापायची वेळ आली की पहिली कात्री तिच्यावर. विज्ञानाचे सगळ्यात मोठे नुकसान कुठे होत असेल तर ते इथे, असे माझे मत आहे. क्रांती रोखली जाते म्हणून होणारे नुकसान त्यापुढे थोडे.

वाचकांना एकच सांगणे. तुमच्या सोसायटीत एसटीपी असेल तर त्याचा मासिक अहवाल मागवा आणि बीओडीच्या आकड्यावर समाधान मानू नका. त्याच्या शेजारी किती दिवस, किती अंश, आणि रोधक घातले होते की नाही, हे लिहिलेले आहे का पाहा. डिटर्जंटचा रकाना नसेल तर तो मागा. नमुना कोणत्या दिवशी घेतला ते विचारा. आणि बाटली गुरुवारी लावलेली असेल, तर रविवारी ती उघडायला कोण आले होते हेही विचारा.